शून्य रेघांचं नाव

कोचिंग सुरू करून मला जेमतेम तीन महिने झाले होते. आपण सगळ्या मुलांना सारखंच वागवतो, याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नव्हती. एक दिवस एक ज्येष्ठ प्रशिक्षिका माझा बास्केटबॉलचा सराव बघायला आल्या. तासभर बाकावर बसून वहीत काहीतरी खरडत होत्या. जाताना त्यांनी ते पान फाडून माझ्या हातात दिलं. पानावर माझ्या अठरा खेळाडूंची नावं होती आणि नावांपुढे उभ्या रेघा. मी ज्याला नावाने हाक मारून खेळाबद्दल काही सांगितलं, त्याच्यापुढे एक रेघ. दोघांपुढे रेघांचे गठ्ठेच्या गठ्ठे. बऱ्याच जणांपुढे एक किंवा दोन. एका मुलीच्या नावापुढे काहीच नाही. "ही आज आली होती का?" असं मी विचारणार, तेवढ्यात ती समोरच बुटाच्या नाड्या सोडताना दिसली.

नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हीच गोष्ट सांगतो, कारण "माझ्या मनात भेदभाव नाही" हे वाक्य मीही म्हणायचो आणि ते खरंही होतं. पण मुलांच्या वाट्याला आपलं मन येत नाही. त्यांच्या वाट्याला येते आपली नजर, आपला वेळ आणि चेंडू. हे तिन्ही मोजता येतं. चांगलं खेळणाऱ्याला शिकवताना लगेच फळ दिसतं म्हणून आपण त्याच्याकडे वळतो. दंगा करणाऱ्याकडे नाइलाजाने वळतो. मुकाट्याने सांगितलं तेवढं करणारी मधली मुलं दोन्हीकडून सुटतात.

दुसरा धक्का हजेरीपटाने दिला. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू प्रमाणाबाहेर जास्त निघाले. कारण सरळ होतं. वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून व्हायची. जानेवारीतला आणि डिसेंबरातला मुलगा एकाच गटात खेळायचे, पण लहानपणी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीचा, ताकदीचा केवढा तरी फरक. मोठ्या दिसणाऱ्याला आपण 'गुणी' म्हणतो, त्याला जास्त खेळवतो, मग तो खरंच पुढे जातो. हे वाचून मी माझ्या पहिल्या फळीतल्या पाच जणांचे जन्ममहिने काढले आणि थोडा ओशाळलो. तेव्हापासून हजेरीपटात नावाशेजारी जन्ममहिना लिहितो.

वाढीचा वेगही प्रत्येकाचा निराळा. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वात झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या. त्या काळात कालपर्यंत चपळ असलेलं मूल अचानक हातापायांत अडखळायला लागतं. त्याला आळशी ठरवू नका. थोडे महिने थांबा.

आता सरावातल्या खेळांबद्दल. 'चुकला तो बाद' हा प्रकार मी पूर्ण बंद केला. विचार करा, पहिला बाद कोण होतो? ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज आहे तोच, आणि उरलेली दहा मिनिटं तो कडेला बसून इतरांचा सराव बघतो. आता बाद झालेला शेजारी दहा ड्रिबल, म्हणजे चेंडूचे टप्पे, मारून परत आत येतो. 'हरलेल्यांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या' या शिक्षेचंही तसंच. दरवेळी तीच तीन मुलं धावतात, आणि धावणं ही शिक्षा असते एवढंच शिकतात. दोन कप्तानांनी आळीपाळीने गडी निवडायची पद्धतही सोडा. शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा एकदा नीट बघितलात तर मी वेगळं काही सांगायची गरज नाही.

साधनांकडे नव्या प्रशिक्षकाचं लक्ष सहसा जात नाही. बास्केटबॉलमध्ये पुरुषांचा चेंडू ७ नंबरचा, महिलांचा ६ नंबरचा आणि लहान मुलांचा ५ नंबरचा असतो. मोठ्यांची रिंग ३.०५ मीटरवर असते, मिनी बास्केटबॉलची २.६० मीटरवर. खेळाच्या नियमांनीच हातांचा आणि उंचीचा विचार करून ठेवलाय. तरी मी पहिलं वर्षभर सगळ्यांच्या हातात ७ नंबरचाच चेंडू दिला, कारण पेटीत तेच होते. छोटी मुलं छातीपासून चेंडू भिरकावून द्यायची आणि मी त्यांच्या कोपरांना नावं ठेवायचो. डावखुऱ्यांचीही अशीच गंमत केली: लेअप, म्हणजे रिंगजवळ धावत जाऊन चेंडू टाकणं, नेहमी उजव्या बाजूने करून दाखवायचो. शेवटी एका मुलाने विचारलं, "सर, मी आरशात बघितल्यासारखं करू का?"

बिब म्हणजे संघ ओळखू यावा म्हणून शर्टावरून घालायची रंगीत बंडी. तिच्या रंगांचा किस्सा जास्त बोचतो. एक मुलगा सामन्यात सारखा प्रतिस्पर्ध्याला पास द्यायचा. "लक्ष कुठंय तुझं?" असं मी त्याला कितीदा तरी ओरडलो असेन. एका संघाला लाल बिब, दुसऱ्याला हिरवे. त्याला त्या दोन रंगांतला फरक नीट दिसतच नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. लाल-हिरव्याचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून तो मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. दुसऱ्या दिवसापासून पिवळे आणि गडद निळे बिब आणले. त्याचे पास सुधारायला एक दिवससुद्धा लागला नाही.

अशीच एक मुलगी होती, कमी ऐकू येणारी. मी शिट्टी वाजवली की ती थांबायची, पण सगळ्यांच्या अर्धा क्षण मागून. तिच्याकडे बारकाईने बघितल्यावर कळलं की ती शिट्टी ऐकतच नव्हती. ती दुसऱ्यांचे पाय बघून थांबत होती, म्हणजे सबंध तासभर मान फिरवत खेळत होती. मग आम्ही ठरवलं: शिट्टीबरोबर माझा हात वर, आणि हात दिसला की प्रत्येकाने आपला हात वर करायचा. समजावून सांगताना मी स्वतः उन्हाकडे तोंड करून उभा राहायला लागलो. त्याने माझ्या ओठांवर उजेड पडतो आणि मुलांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. फळ्याकडे वळून बोलणं बंद केलं. याचा फायदा सगळ्यांनाच झाला, सगळ्यात जास्त माझ्या घशाला.

सर्वात मोठी चूक मात्र चांगल्या हेतूने झाली. व्हीलचेअर वापरणारा एक मुलगा यायला लागला आणि मी त्याला कौतुकाने स्कोअर लिहायला बसवलं. वाटलं, सामावून घेतलं. दोन आठवड्यांनी त्याने विचारलं, "मी खेळायला कधी येऊ?" मग मी व्हीलचेअर बास्केटबॉलचे नियम वाचायला बसलो. त्यांची रिंगही ३.०५ मीटरवरच असते. चेंडू जवळ असताना चाकांना लागोपाठ दोनदाच ढकलता येतं, तिसऱ्याच्या आधी ड्रिबल करावा लागतो. प्रत्येक खेळाडूला शारीरिक क्षमतेनुसार १.० ते ४.५ गुण देतात, हालचाल जितकी मर्यादित तितके गुण कमी, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे ज्याची हालचाल सर्वात मर्यादित, त्याच्यावाचून संघच उभा राहत नाही! इतका नेटका विचार मी माझ्या सरावात कधी केला नव्हता.

त्यानंतर 'तुला काय जमत नाही?' हा प्रश्न मी टाकून दिला. 'तू हे कसं करतोस, दाखव' असं म्हणतो. नव्या माणसाला सुरुवातीला स्टेप ही चौकट उपयोगी पडते. तिच्यातल्या चार इंग्रजी अक्षरांचा अर्थ जागा, काम, साधन आणि माणसं. सराव कुणाला झेपत नसेल तर या चारांतलं एक काहीतरी बदलून बघायचं: मैदान लहान किंवा मोठं, नियम सोपा किंवा अवघड, चेंडू वेगळा, जोडीदार वेगळा. सगळं एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

मुलींच्या बाबतीत मी पुष्कळ उशिरा शिकलो. गळती सुरू झाली की आपण 'रस उरला नाही' असं म्हणून मोकळे होतो. कपडे बदलायला बंद जागा आहे का, मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का, पांढरी चड्डी सक्तीची का, हे विचारत नाही. सगळा पोशाख पांढराच लागणाऱ्या विम्बल्डनने महिलांना स्कर्टखाली गडद रंगाची आतली चड्डी घालायची मुभा २०२३ पासून दिली. डोकं झाकून खेळण्यावरची बंदी आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने २०१७ मध्ये उठवली. एवढ्या मोठ्या संस्थांना इतका वेळ लागला. तुमच्या संघाचा गणवेश तुम्ही आजच बदलू शकता. आणि 'मुलीसारखा काय फेकतोस' हे वाक्य मैदानावर एकदाही ऐकू येता कामा नये, तुमच्या तोंडून तर नाहीच.

स्पर्शाबद्दल थोडक्यात पण ठामपणे सांगतो. शरीराची ठेवण सुधारायला हात लावण्याआधी विचारा, आणि 'नको' आलं तर स्वतः करून दाखवा. बंद खोलीत कुणाशीही एकटं बोलू नका. मुलांना निरोप द्यायचा तो पालक असलेल्या गटावरच द्या. याला अपवाद करू नका, खास करून लाडक्या खेळाडूसाठी.

निवड चाचणी हा सगळ्यात अवघड दिवस. कशाला किती गुण ते आधी लिहून काढा आणि मुलांना सांगा. छातीवर नावाऐवजी क्रमांक लावा. गुण देणारे दोघं असू द्या, आणि त्यातला एक तरी असा, ज्याने या मुलांना आधी बघितलेलं नाही. वगळलेल्यांची यादी फळ्यावर लावून पळ काढू नका. प्रत्येकाला दोन मिनिटं देऊन काय कमी पडलं ते सांगा. एका मुलीने मला सरळ विचारलं होतं, "मी कशात कमी पडले?" माझ्याकडे लिहिलेलं काही नव्हतं, म्हणून मी 'मेहनत कर' असं गुळमुळीत बोललो. ती परत आली नाही.

रेघांचं ते पान आजही माझ्या किट बॅगेत आहे. दर महिन्याला मी कुणाला तरी, बहुधा जखमी होऊन बाहेर बसलेल्या खेळाडूला, वही देऊन रेघा मारायला बसवतो. स्वतः मोजायला जाऊ नका, मोजताना आपण शहाण्यासारखे वागायला लागतो. कधी मोजणार आहोत हेही विचारून ठेवू नका. गेल्या वेळी मी मुलींपेक्षा मुलग्यांकडे झुकलो होतो, त्याआधी उंच खेळाडूंकडे. या महिन्याचं पान अजून हातात यायचंय.