रोड बाइकचा ग्रुपसेट निवडताय? या चुका टाळा

नवी रोड बाइक घ्यायचं ठरलं की आधी वाद रंगतो तो नावांचा: शिमानो, स्रॅम की कॅम्पाग्नोलो? तिघांचेही मधल्या फळीतले ग्रुपसेट (म्हणजे गिअर, ब्रेक, क्रँक आणि चेनचा पूर्ण संच) नीट बसवले तर वर्षानुवर्षं कुरकुर करत नाहीत. बाइक घरी आल्यावर जी डोकेदुखी सुरू होते, तिचं मूळ बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. कुणी दात मोजलेले नसतात, कुणी फ्रीहब (मागच्या चाकाचा तो भाग, ज्यावर कॅसेट बसते) पाहिलेलं नसतं.

नाव पाहिलं, दात मोजले नाहीत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चढावर कामी येतो तो सगळ्यात हलका गिअर, आणि तो काढायला एक भागाकार पुरतो: पुढच्या लहान चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चकतीचे) दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात. ३४ ला २८ म्हणजे १.२१. ३४ ला ३४ म्हणजे १. ३३ ला ३६ म्हणजे ०.९२.

आकडे किरकोळ वाटतात, पण जरा पायांत उतरवून बघा. २५ मिमी टायरचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर पुढे जातं. मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्या मारल्या तर १.२१ च्या गिअरवर ताशी ९.२ किमी वेग होतो, १ वर ७.६ आणि ०.९२ वर जेमतेम ७. आता खड्या चढावर तुमचा दम ताशी ७ किमीचाच असेल, तर १.२१ च्या गिअरवर तुम्ही मिनिटाला ४५-४६ फेऱ्या रेटत बसणार. गुडघे दुखतात ते इथे, आणि दोष मात्र सीटच्या उंचीला दिला जातो.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे. स्रॅमची ४८/३५ दातांच्या चेनरिंगची जोडी पाहून ‘नेहमीच्या ५० पेक्षा लहान, म्हणजे सपाटीवर मागे पडणार’ असं वाटतं. पण तिच्यासोबतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) १० दातांपासून सुरू होते. ४८ भागिले १० म्हणजे ४.८, ५० भागिले ११ म्हणजे ४.५५. जड गिअर ४८ वालीकडेच आहे. एकटी चेनरिंग बघून काही ठरवू नका.

‘कॅसेट नंतर मोठी टाकू’ असं म्हणणाऱ्यांनी मागच्या डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची) मर्यादा आधी पाहावी. शिमानोच्या १०५ या मधल्या फळीतल्या ग्रुपसेटचं उदाहरण घ्या: अकरा-स्पीड (मागे अकरा चकत्या) आर७००० मालिकेतला आखूड केजचा (केज म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा हात) डिरेलर ३० दातांपर्यंतच आहे, मध्यम केजचा ३४ पर्यंत. आखूड केजवर ३४ दातांची चकती चढवली की फक्त सगळ्यात हलक्या गिअरला खरखर येते. बी-स्क्रू (डिरेलरचं चकतीपासूनचं अंतर ठरवणारा) पूर्ण आवळूनही ती गेली नाही, तर डिरेलरची वरची जॉकी (छोटी चकती) कॅसेटच्या चकतीला घासते आहे असं समजा. चेन जुन्या कॅसेटच्या मापाचीच ठेवली असेल तर प्रकरण आणखी वाईट: मोठी चेनरिंग आणि मोठी चकती एकत्र पडली की ताण थेट हँगरवर (डिरेलर फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीवर) येतो आणि तो वाकतो किंवा तुटतो.

जुनी चाकं बसतीलच असं धरून चालणं

१० दातांपासून सुरू होणारी स्रॅमची रोड कॅसेट एक्सडीआर नावाच्या फ्रीहब बॉडीवर बसते, शिमानोची एचजी बॉडीवर, कॅम्पाग्नोलोची तिच्या स्वतःच्या बॉडीवर. घरी चाकांची दुसरी जोडी असेल तर बॉडी बदलून मिळते का ते बाइक ठरवण्याआधी विचारा. शिमानोची बारा-स्पीड रोड कॅसेट जुन्या अकरा-स्पीड एचजी बॉडीवर चढते, त्यामुळे तिथे अडचण कमी. दहा-स्पीड कॅसेट अकराच्या बॉडीवर टाकली आणि लॉकरिंग (कॅसेट घट्ट धरणारी कडी) आवळूनही ती हलते? १.८५ मिमीचा स्पेसर टाकायचा राहिलाय.

चेनचंही तसंच. स्रॅमच्या फ्लॅटटॉप (वरून सपाट) चेनचे रोलर जाड असतात, तिच्या जागी दुसरी चेन चालत नाही.

ब्रेकमध्ये कुठलं तेल?

शिमानो आणि कॅम्पाग्नोलोच्या डिस्क ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या रोड ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड (गाड्यांच्या ब्रेकमध्ये असतं तसं). एकाच्या जागी दुसरं गेलं की आतली रबरी सीलं फुगतात, लिव्हर अडकतो किंवा पोचट होतो, आणि नुसतं ब्लीड करून (तेल बदलून हवा काढून) भागत नाही. एकच सिरिंज दोन्हींना वापरणं हीसुद्धा तीच चूक. डॉट हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते ठरल्या वेळी बदलावंच लागतं, आणि फ्रेमवर सांडलं तर रंगही खातं.

‘१०५ ची बाइक’ म्हणजे नक्की काय?

कित्येकदा फक्त शिफ्टर (गिअर बदलायचा लिव्हर) आणि मागचा डिरेलर. क्रँक, कॅसेट, चेन आणि ब्रेक कॅलिपर यांचे मॉडेल क्रमांक एकेक करून वाचा. तडजोड बहुतेक वेळा यांतच लपलेली असते. वजनावर मात्र फार डोकं खपवू नका: डीआय-टू म्हणजे शिमानोचं इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग; १०५ डीआय-टू आणि त्याच्या वरच्या पायरीचा अल्टेग्रा डीआय-टू यांच्यात ३०० ग्रॅमच्या आतबाहेर फरक आहे, भरलेल्या बाटलीच्या निम्म्याहून कमी.

वायर, केबल आणि बॅटरी

काही नव्या फ्रेम फक्त इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगसाठीच बनतात, त्यांत केबलला वाटच नसते. ‘आत्ता इलेक्ट्रॉनिक, पुढे वाटलं तर केबल’ हा विचार तिथेच संपतो. एएक्सएस या स्रॅमच्या बिनतारी शिफ्टिंगमध्ये पुढच्या आणि मागच्या डिरेलरची बॅटरी सारखीच असते. रस्त्यात मागची संपली तर पुढची काढून तिथे लावा आणि एकाच चेनरिंगवर घर गाठा. डीआय-टूमध्ये बॅटरी खालावली की आधी पुढचा डिरेलर थांबतो. तो इशारा ओळखा.

केबलवाल्या अकरा-स्पीड शिमानोत एक जुनं दुखणं आहे: केबल शिफ्टरच्या आतच, टोकाजवळ उसवते. लक्षण असं की आज जुळवलेले गिअर दोन दिवसांत पुन्हा बिघडतात. बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण जुळवणारा स्क्रू) फिरवत बसू नका. केबल तुटून तिचं टोक आत अडकण्याआधी ती बदला.

जुना क्रँक

वापरलेली बाइक किंवा जुना साठा घेत असाल तर क्रँकच्या (पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याच्या) आतल्या बाजूचा कोड वाचा. शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये जून २०१२ ते जून २०१९ दरम्यान बनलेले अकरा-स्पीड अल्टेग्रा आणि ड्युरा-एस (शिमानोचा सगळ्यात वरचा ग्रुपसेट) यांचे चिकटवलेले क्रँक तपासणीसाठी परत बोलावले, कारण त्यांचे जोड सुटत होते. १०५ चे क्रँक त्या यादीत नाहीत.