कॅल्क्युलेटर डाउनलोड नका करू, आहे तोच एका बटणावर आणा

बिलाची टोटल मारायची म्हटलं की कॉम्प्युटरसमोर बसून मोबाईल शोधणारे खूप जण आहेत, आणि काही जण तर नेटवरून कुठलं तरी फ्री कॅल्क्युलेटर उतरवतात आणि त्याच्यासोबत नको ते सॉफ्टवेअर पण येऊन बसतं. खरंच गरज नाहीये. विंडोजमधला कॅल्क्युलेटर रोजच्या कामाला मस्त आहे, फक्त तो पटकन उघडता यायला हवा.

विंडोजचं बटण धरून आर दाबा, सी ए एल सी टाईप करा, एंटर. झालं. एवढं पण टाईप करायचं नसेल तर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून न्यू, मग शॉर्टकट, तिथे तीच चार अक्षरं टाका, मग त्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये शॉर्टकट की च्या रकान्यात नुसतं सी दाबा, कंट्रोल + ऑल्ट + सी आपोआप सेट होतं आणि पुढे कुठल्याही कामात असलात तरी ती तीन बटणं दाबली की कॅल्क्युलेटर हजर.

माझं सगळ्यात आवडतं फीचर म्हणजे स्टँडर्ड मोडमध्ये ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की छोटी खिडकी होऊन ती एक्सेल, पीडीएफ सगळ्याच्या वर राहते, बिल बघत बघत आकडे मारता येतात. परत मोठी करायला ऑल्ट आणि खालचा बाण. आकडा चुकला तर डिलीट दाबा, तेवढाच जातो, एस्केपने सगळंच पुसलं जातं. मागचे हिशोब बघायला हिस्टरी आहेच.

जीएसटीसाठी 1850 + 18 % = असं मारा, 2183 येतं. उलटं काढायचं असेल तर 2183 ला 1.18 ने भागा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, स्टँडर्ड मोड आकडे येतील तसे सोडवत जातो, म्हणजे 2 + 3 × 4 चं उत्तर तो 20 देतो. गुणाकार आधी व्हायला हवा असेल तर ऑल्ट + 2 दाबून सायंटिफिकमध्ये जा, तिथे बरोबर 14 येतं. पैशाच्या हिशोबात हे आवर्जून बघा.

मॅक असेल तर अजून सोपं, कमांड + स्पेस दाबून तिथेच आकडेमोड टाईप करा, उत्तर लगेच खाली दिसतं.