प्रशियन पलटणीचं निशाण शोधताना: आधी तारीख, मग रंग

वॉरगेमिंगसाठी, म्हणजे छोट्या पुतळ्यांनी जुन्या लढाया खेळण्यासाठी, 28 मिलिमीटरचे प्रशियन (प्रशिया म्हणजे तेव्हाचं एक जर्मन राज्य) सैनिक रंगवून झाले की बहुतेक जण इंटरनेटवर 'जर्मन झेंडा' शोधतात आणि काळा-पांढरा-लाल तिरंगा चिकटवून मोकळे होतात. तिथेच चूक होते. तो तिरंगा 1867 मध्ये उत्तर जर्मन संघाने घेतला, पुढे जर्मन साम्राज्याने. पायदळाच्या पलटणींची निशाणं वेगळीच होती.

म्हणून आधी लढाई ठरवा, तीही तारखेसकट. 3 जुलै 1866 ला क्योनिगग्रेट्झला सॅक्सन सैन्य ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाशी लढलं. चार वर्षांनी फ्रान्सविरुद्धच्या युद्धात तेच सॅक्सन प्रशियाच्या खांद्याला खांदा लावून होते. हॅनोव्हरचं राज्य तर 1866 मध्येच प्रशियाने गिळलं. 'जर्मन' या एका शब्दात किती सैन्यं दडली आहेत, हे यावरून कळेल. बव्हेरियाची निळ्या-पांढऱ्या शंकरपाळ्यांची निशाणं तर लांबूनही ओळखू येतात.

मग रेजिमेंटचा क्रमांक आणि बटालियन पक्की करा. प्रशियात निशाण बटालियनकडे, म्हणजे रेजिमेंटच्या एका भागाकडे असे, त्यामुळे 'रेजिमेंटचा झेंडा' एवढं पुरत नाही. 23 जानेवारी 1871 ला फ्रान्समधल्या दीजाँपाशी 61 व्या पायदळ रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचं निशाण गेलं, ते फ्रान्सच्या बाजूने लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या लोकांना प्रेतांच्या ढिगाखाली सापडलं. हाच प्रसंग मांडायचा तर नेमकं तेच निशाण हवं.

खरा खजिना रेजिमेंटच्या छापील इतिहासांत आहे. पोट्सडॅमचं लष्करी दफ्तर एप्रिल 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, त्यामुळे या पुस्तकांचं मोल आणखी वाढलं. डिजिटल ग्रंथालयांत शोधताना 'फाने' म्हणजे पायदळाचं निशाण आणि 'श्टांडार्ट' म्हणजे घोडदळाचं, एवढं लक्षात ठेवा. मात्र अक्षरं जुन्या फ्राक्टुर वळणाची असतात. त्यातला लांब 'एस' जवळजवळ 'एफ'सारखा दिसतो, मग शोधयंत्रही फसतं. अशा वेळी अनुक्रमणिका डोळ्यांनी चाळलेली बरी. प्रत्यक्ष कापड पाहायचं तर इंगोलश्टाटच्या बव्हेरियन लष्करी संग्रहालयाकडे वळा. जर्मन चित्रकार रिखार्ड क्नोटेलची चित्रं देखणी आहेत, पण त्याची गणवेशांची चित्रमाला 1890 पासूनची. तिला साक्षीदार मानू नका, जाणकार माना.

प्रशियन निशाणावर साधारणपणे मधल्या नारिंगी भागात काळा गरुड आणि कोपऱ्यांत राजाची आद्याक्षरं दिसतील. काठीचं टोकही बघा. 1813-15 मध्ये नेपोलियनविरुद्ध लढलेल्या तुकड्यांच्या काठीच्या टोकात लोखंडी क्रॉस असे. 61 वी रेजिमेंट उभीच 1860 मध्ये राहिली, तेव्हा दीजाँला तिच्या काठीवर तो क्रॉस रंगवू नका.

शेवटी माप. मूळ कापड 140 सेंटिमीटर धरलं आणि प्रमाण 1:60 घेतलं, तर निशाण 23 मिलिमीटरचं होतं. दोन्ही बाजू पातळ कागदावर छापा, काठीभोवती दुमडून चिकटवा आणि गोंद ओला असतानाच चुण्या पाडा. कापलेली पांढरी कड मात्र ब्रशने रंगवा, नाहीतर सगळी मेहनत कागदाची दिसते.