पत्र्याच्या शेडला ग्लासवूल बसवताना या चुका टाळा

भोसरी, चाकण किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सांगाड्याची शेड उभारताना छताखाली ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा उष्णतारोधक थर, घालणे आता नेहमीचे झाले आहे. मात्र उन्हाळ्यात शेड तापतेच आणि पावसाळ्यानंतर छत ठिबकते, ही तक्रारही तितकीच नेहमीची आहे. बहुतेक वेळा दोष मालात नसून तो बसवण्याच्या पद्धतीत असतो. उष्णता अडवते ती काचेच्या तंतूंत कोंडलेली स्थिर हवा. ती दाबून बाहेर काढली किंवा तिच्या जागी पाणी शिरू दिले, तर उरते ते केवळ महागडे भरताड.

दाबण्याची चूक पर्लिनवर, म्हणजे पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर, होते. रोल अंथरून त्यावर थेट पत्रा ठेवला आणि स्क्रू आवळले, की 50 मिमीचा थर त्या रेषेवर जेमतेम काही मिमी उरतो आणि खालच्या पोलादातून, ज्याची उष्णतावाहकता ग्लासवूलच्या हजारपटीहून अधिक असते, ऊन सरळ आत उतरते. पत्रा आणि पर्लिन यांच्यामध्ये उष्णतारोधक ठोकळे देऊन त्या मापाचे लांब स्क्रू वापरणे, हा त्यावरचा खरा उपाय आहे. ठेकेदार अनेकदा घनता वाढवून 16 ऐवजी 24 किलो प्रति घनमीटरचा माल सुचवतो. त्याने थोडा फरक पडतो, परंतु जाडी 50 वरून 100 मिमी केल्यास उष्णतारोध जवळपास दुप्पट होतो, अर्थात ती जाडी दाबली जाणार नसेल तरच. पर्लिनवर आधी तारेची जाळी ताणून घेतली नाही, तर रोल दोन पर्लिनांच्या मधोमध लोंबू लागतो.

छत ठिबकू लागले की पहिला संशय गळतीवर जातो आणि कोणी तरी सिलिकॉनची ट्यूब घेऊन वर चढतो. तसे करण्यापूर्वी ठिबकण्याची वेळ लिहून ठेवावी. पाऊस सुरू झाल्यावर ठरावीक स्क्रूंच्या किंवा पत्र्यांच्या जोडांच्या रेषेत थेंब येत असतील, तर ती गळती असून वाजवीपेक्षा जास्त आवळल्याने चिरडलेले रबरी वॉशर आधी तपासावेत. पाऊस थांबूनही दोन-तीन दिवस पाझर चालू राहिला, तर पाणी ग्लासवूलमध्ये साठले आहे असे समजावे. आणि आभाळ निरभ्र असताना, कोरड्या पहाटे, छताच्या मोठ्या भागावर थेंब दिसत असतील, तर पत्र्याला घाम आलेला आहे: रात्री पत्रा मोकळ्या आभाळाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही थंड होतो आणि आतली दमट हवा त्याच्यापर्यंत पोहोचली की बाष्प तेथे गोठून नव्हे, तर द्रवरूप होऊन जमते. जॉब (तयार होणारे सुटे भाग) धुण्याच्या टाक्या किंवा क्वेंचिंग (तापलेला धातू द्रवात बुडवून थंड करणे) असलेल्या शेडमध्ये हा त्रास अधिक होतो. तेथे सिलिकॉन कितीही भरले तरी उपयोग शून्य.

घामावरचा इलाज म्हणजे ग्लासवूलच्या एका बाजूला चिकटवलेली, बाष्प अडवणारी अखंड ॲल्युमिनियम फॉइल. वातानुकूलन नसलेल्या शेडमध्ये फॉइलची बाजू आत, म्हणजे खाली यावी, रोलच्या कडा एकमेकींवर चढवून ॲल्युमिनियम टेपने बंद कराव्यात आणि पारदर्शक पत्रे व टर्बो व्हेंटिलेटर (छतावरचे वाऱ्याने फिरणारे हवा बाहेर टाकणारे यंत्र) यांच्या भोवतालच्या कापलेल्या कडाही मोकळ्या सोडू नयेत, कारण बाष्प नेमके तेथूनच वर जाते. धूळ बसलेल्या फॉइलवर टेप टिकत नाही, म्हणून आधी पुसून घ्यावे. वातानुकूलित विभागासाठी बाष्पाची दिशा पावसाळ्यात उलटते, त्यामुळे त्याचे छत स्वतंत्रपणे आखावे. चिंब भिजलेला तुकडा वाळण्याची वाट न पाहता कापून बदलावा. तो पत्र्याला चिकटून राहिल्यास गंज धरतो. पिरंगुटसारख्या, रांजणगावपेक्षा कितीतरी जास्त पावसाच्या भागात तर रोल उघड्यावर उतरवून ठेवणे हीच पहिली चूक ठरते.

ग्लासवूलला आग लागूच शकत नाही, असा एक गैरसमज आहे. काचेचे तंतू जळत नाहीत, पण फॉइलमागचा कागद आणि गोंद पेट घेऊ शकतात, म्हणून छताजवळचे वेल्डिंग व ग्राइंडिंग ग्लासवूल चढवण्यापूर्वी उरकावे. भट्टीच्या धुराड्याभोवती ग्लासवूलऐवजी अधिक तापमान सोसणारे रॉकवूल (खडकापासून बनवलेल्या तंतूंचा थर) वापरावे.

कामगारांना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि मास्क द्यावा. कर्करोगाची भीती मात्र घालू नये: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2001 मध्ये इन्सुलेशनच्या ग्लासवूलला गट 3 मध्ये, म्हणजे मानवासाठी कर्ककारक असे वर्गीकरण करता न येणाऱ्या पदार्थांत, ठेवले आहे. खाज मात्र सुटतेच, आणि त्या कपड्यांची धुलाई घरच्या कपड्यांबरोबर करू नये.