युद्धकाळातल्या ब्रिटिश मिलिटरी बाइकचा ओरिजिनल रंग: या चुका टाळा

बीएसए एम२०, नॉर्टन १६एच, मॅचलेस जी३एल, ट्रायम्फ ३एचडब्ल्यू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आर्मीने वापरलेल्या या गाड्या रिस्टोर करणारे लोक इंजिनासाठी जीव टाकतात, मॅग्नेटो रिवाइंड करून घेतात, कार्ब्युरेटरचा जेटसुद्धा बरोबर नंबरचाच पाहिजे म्हणून महिनोन्महिने थांबतात, आणि रंगाची वेळ आली की पेंटच्या दुकानात जाऊन "मिलिटरी ग्रीन द्या" म्हणतात. घोळ इथेच होतो. असा एकच मिलिटरी ग्रीन तेव्हा नव्हताच. युद्धाच्या तोंडावर असलेल्या ग्लॉस हिरव्यापासून धरलं तर १९४५ पर्यंत बेसिक रंग तीनदा बदललाय, आणि त्यातला एक तर हिरवाच नाही, चक्क ब्राउन आहे.

आधी क्रम नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. तीसच्या दशकात आर्मीच्या गाड्या डीप ब्रॉन्झ ग्रीनमध्ये असायच्या, गडद आणि चकचकीत. १९३९ च्या सुमारास त्याच्या जागी खाकी ग्रीन नंबर ३ आला, मॅट आणि मळकट हिरवा, एम२० आणि १६एचच्या युद्धाच्या सुरुवातीच्या बॅचेस याच रंगात निघाल्या. १९४२ मध्ये हिरव्या रंगाला लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई झाली म्हणून बेसिक रंग एससीसी २ केला, हाच तो ब्राउन. एससीसी म्हणजे स्टँडर्ड कॅमोफ्लाज कलर, हे नंबर ब्रिटिश स्टँडर्ड ९८७सी मधले. मग एप्रिल १९४४ मध्ये एससीसी १५ ऑलिव्ह ड्रॅबचा आदेश निघाला, कारण युरोपात उतरताना अमेरिकन गाड्या सोबत असणार होत्या आणि दोघांचा रंग जवळपास सारखा हवा होता.

आधी ब्लास्टिंग, मग चौकशी

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ही केली की मागे फिरता येत नाही. गाडी खोलली की फ्रेम, टाकी, मडगार्ड सगळं थेट सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग उडवायला जातं आणि ऐंशी वर्षांचा पुरावा धुळीत जातो. त्याआधी फक्त एक दुपार द्या. टूलबॉक्सच्या मागची बाजू, सीटखालचे ब्रॅकेट, हेडलाइटच्या डब्याचा आतला भाग, टाकीच्या खालचा बोगदा, स्टीअरिंग हेडजवळ जिथे दोन पार्ट एकमेकांवर बसतात ती जागा, अशा ठिकाणी ब्रश पोचत नाही आणि ऊनही पोचत नाही, जुना रंग तिथेच टिकतो.

तिथे बारीक वॉटर पेपर घ्या, साधारण ६०० ते १००० नंबरचा, पाणी लावून एकाच ठिकाणी गोल गोल हळू घासा, नाण्याएवढा खळगा करा. एकेक थर रिंगसारखा दिसायला लागतो, सगळ्यात आतली रिंग प्रायमर, त्याच्या बाहेरची पहिला रंग, मग पुढचे सगळे. फोटो काढा, पण दिवसाच्या उजेडात आणि शेजारी पांढरा कागद ठेवून, नाहीतर मोबाइल स्वतःच्या मनाने रंग बदलतो आणि नंतर त्या फोटोचा काही उपयोग होत नाही.

इथे अजून एक गंमत म्हणजे ब्राउन थर दिसला की बरेच जण तो रेड ऑक्साइड प्रायमर समजून सोडून देतात. एससीसी २ लालसर नाहीये, तो मातकट खाकी ब्राउन आहे. त्याच्याखाली अजून वेगळा प्रायमर दिसतोय का बघा, दिसला तर वरचा ब्राउन हा रंगच. दुसरीकडे काही लोकांना ब्राउन दिसला की गाडी आफ्रिकेत लढली असं वाटतं. वाळवंटातल्या गाड्यांना लाइट स्टोनसारखे फिकट पिवळट रंग असायचे, आणि एससीसी २ तर ब्रिटनमध्येच फॅक्टरीत लागत होता.

वरचा हिरवा म्हणजे ओरिजिनल हिरवा नव्हे

यातल्या पुष्कळ गाड्या युद्धानंतरही आर्मीत राहिल्या, वर्कशॉपमध्ये पूर्ण खोलून रिबिल्ड झाल्या आणि पुन्हा डीप ब्रॉन्झ ग्रीन ग्लॉसमध्ये रंगल्या. त्यामुळे वर चकचकीत गडद हिरवा थर मिळाला तर तो बहुतेक युद्धानंतरचा. त्या थरावर दोन अंक, दोन अक्षरं, दोन अंक अशा पद्धतीचा नंबर दिसला तर शंकाच नको, ती पद्धत १९४९ पासूनची आहे. युद्धातला नंबर टाकीवर पांढऱ्या रंगात असायचा आणि मोटरसायकलच्या नंबरच्या सुरुवातीला सी हे अक्षर. म्हणून टाकीच्या दोन्ही बाजू घासताना खूप जपून, खाली सी आणि पुढचे आकडे पुसट दिसले तर तिथेच थांबा, ट्रेसिंग पेपरवर अक्षरांची उंची आणि जागा उतरवून घ्या.

रिबिल्डमध्ये एकाची टाकी दुसऱ्याला, तिसऱ्याचं मडगार्ड चौथ्याला असं सर्रास व्हायचं. त्यामुळे टाकीवर एक क्रम आणि फ्रेमवर दुसरा क्रम मिळाला तर गोंधळू नका. फ्रेमवरचा थर मुख्य धरा आणि फ्रेम नंबरवरून तारीख काढा. इंग्लंडच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे बऱ्याच कंपन्यांची जुनी फॅक्टरी रेकॉर्ड्स आहेत, तिथून गाडी कधी निघाली ते कळू शकतं. आणि तारीख मिळाली तरी कॅलेंडर लावून रंग ठरवू नका हं, आदेश निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी फॅक्टरीत डबे बदलत नव्हते, आधीचा स्टॉक संपवायचा असायचा. १९४४ च्या उन्हाळ्यातली गाडी ब्राउन निघाली तर ती चूक नाही.

रबराकडेही बघा, मला हा क्रॉसचेक फार आवडतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मलायाचं रबर बंद झालं, मग हँडलच्या ग्रिपला कॅनव्हास आला आणि फूटरेस्ट नुसते लोखंडी झाले. म्हणजे कॅनव्हास ग्रिप आणि ब्राउन रंग एकाच काळातले. १९४० च्या खाकी ग्रीन गाडीला कॅनव्हास ग्रिप लावून ठेवलेल्या दिसतात, ते जुळत नाही. तसंच डंकर्कच्या, म्हणजे १९४० च्या काळातली म्हणून उभी केलेली गाडी आणि टाकीवर पांढरा पाच टोकांचा तारा, हेही नको. तो दोस्त सैन्याच्या ओळखीचा तारा ब्रिटिश गाड्यांवर नंतर आला, १९४३-४४ मध्ये. क्रोमचे रिम तर अजिबात नको, रिमलाही रंगच होता.

शेड जुळवताना

खळग्यातला नमुना ओला असताना मॅच केला तर रंग गडद येणार, तेल लागलेला असेल तरीही तेच. साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड बाहेर उन्हात वेगळी दिसते, त्यामुळे दुकानदाराला नमुना घेऊन फुटपाथवर यायला लावा, लाजू नका. एकच पिगमेंट ग्लॉसमध्ये गडद आणि मॅटमध्ये फिकट दिसतं, म्हणून आधी ग्लॉस जुळवून नंतर त्यात मॅटिंग एजंट, म्हणजे चमक मारणारा पदार्थ घातला की शेड हातची जाते, मॅच करायचं ते मॅटमध्येच. अंधारात राहिलेला जुना ऑइल पेंट पिवळट पडतो आणि उन्हातला खडूसारखा फिका, तेव्हा एकाच जागेवर विश्वास ठेवू नका, दोन-तीन ठिकाणचे नमुने बघा. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून शेड ठरवणं तर सोडूनच द्या.

अमेरिकन जीपचा ऑलिव्ह ड्रॅब तयार मिळतो म्हणून एम२० ला मारतात. एससीसी १५ त्याच्या जवळ जातो पण थोडा जास्त हिरवा आहे, दोन्ही शेजारी उभे केले की कळतं.

मारल्यावर येणारे प्रॉब्लेम

ठिकठिकाणी चमक दिसते? बहुतेक डबा नीट ढवळलेला नाही, मॅटिंग एजंट तळाला बसतो आणि वरचा पेंट ग्लॉसच येतो. तळापासून ढवळा, मध्ये मध्ये पुन्हा ढवळा, पातळ हात मारा कारण जाड ओला हात जास्त चमकतो. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारला की पांढरट झाक येते, दमट हवेमुळे, कोरडा दिवस बघा. टाकीच्या तोंडाभोवती पेट्रोल सांडून रंग मऊ पडत असेल तर एकट्या डब्याच्या इनॅमलऐवजी हार्डनर घालायचा टू-पॅक मॅट वापरा. ओरिजिनल केमिस्ट्री नाही हे खरं, पण रोज चालवायच्या गाडीला मी तरी हेच सुचवेन. आणि मॅटवर पॉलिश कधीच नाही, घासलेली जागा चमकते आणि तो डाग परत जात नाही.

आपल्याकडच्या लोकांसाठी एक वेगळी अडचण आहे. युद्धानंतर यातल्या बऱ्याच एम२० आणि १६एच भारतात राहिल्या, त्यामुळे त्या इथे रिस्टोरही होतात, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. २०१८ मध्ये रॉयल एनफील्डने युद्धातल्या फ्लाइंग फ्ली या आपल्या छोट्या मिलिटरी बाइकच्या आठवणीत क्लासिक ५०० पेगासस काढली तेव्हा बाहेरच्या देशांत ऑलिव्ह ड्रॅबही मिळत होती, भारतात मात्र फक्त सर्व्हिस ब्राउन आली. म्हणून एससीसी १५ किंवा खाकी ग्रीन मारून रस्त्यावर आणायच्या आधी आरटीओत विचारा, आरसीवरचा रंगही बघा. तुमच्या गाडीची तारीख १९४२ ते ४४ मधली निघाली आणि खळग्यात ब्राउन दिसला, तर बिनधास्त एससीसी २ मारा, ऑलिव्ह ग्रीनचा प्रश्नच येत नाही, फक्त आरसीवर रंग बदलून घ्यायला विसरू नका.