पहिल्यांदा पेंटबॉलला जाताय? आधी गळ्याचं बघा

एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या, अंगावर फुटली की बाद: खेळ एवढाच. ग्रुपवर नावं आली, गाड्या ठरल्या, कुणीतरी 'आपण स्नायपर' म्हणून जाहीरही केलं असेल. छान. पाणी, टोपी, सनस्क्रीन हे तुमचं तुम्हाला कळतं. मला बोलायचंय ते गळ्याबद्दल. मागच्या वेळी मी सगळं नेलं आणि स्कार्फ तेवढा घरी स्कूटीच्या डिकीत राहिला.

मैदानावर मास्क मिळतो, छातीला जॅकेट मिळतं. या दोन्हींच्या मध्ये हनुवटीखाली चार बोटं जागा उघडी राहते, ती झाकायला बहुतेक ठिकाणी काही देत नाहीत. गोळी दिसायला निरुपद्रवी: जिलेटिनचं कवच, आत रंग, आकार गोटीएवढा, वजन तीनेक ग्रॅम. पण बंदुकीतून ती निघते सेकंदाला 280-300 फुटांनी, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. मांडीवर बसली तर वळ उठतो आणि संध्याकाळी तो दाखवून भाव खाता येतो. घशावर बसली की बराच वेळ आवंढाही गिळवत नाही. तेव्हा स्कार्फ. तोच, दुचाकीवर अख्खं पुणं तोंडाला बांधतं तो. सुती, दोन वेढे, टोकं कॉलरच्या आत खोचलेली. लोंबती ठेवलीत तर झुडपात अडकतील. 'उकडेल' म्हणणाऱ्यांना उकडू दे.

कपडे जुने, पूर्ण बाह्यांचे आणि ढगळ. ढगळ अशासाठी, की सैल कापडावर गोळीचा जोर थोडा मरतो, कधी ती न फुटताच उसळून जाते, आणि बहुतेक ठिकाणी फुटली नाही तर तुम्ही बादही नसता. लेगिंग घालून येणारीला आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. बूट नाडीचे. सँडल घालून येणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला निघायच्या आधी फोन करा. हातमोजे बाइकचे चालतील. बोटांच्या पेरांवर मांस नसतं, एवढं कारण पुरे.

चष्मेवाल्यांनो, मास्क चष्म्यावर बसतो का ते खेळ सुरू व्हायच्या आधी घालून बघा. दुहेरी काचेचा मास्क असेल तर तोच मागून घ्या, त्यावर वाफ कमी धरते. आणि वाफ धरलीच तर मास्क वर करून पुसायचा नाही. हात वर करून मैदानाबाहेर जायचं, तिथे पुसायचा. घाम आला, फोटो काढायचाय, 'आता कोणी मारत नाहीये': यातलं एकही कारण चालत नाही. गळ्यावर बसली तर दुखतं, डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. इथे मी विनोद करत नाहीये.

बुकिंग करताना विचारा: पैशात गोळ्या किती, वरच्या कितीला. पॅकेज स्वस्त दिसतं ते गोळ्या कमी असल्यामुळे, आणि नवशिक्या माणूस घाबरून पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या उडवतो. हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला 1981 मध्ये, अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या जंगलात. बाराजण होते, हातात झाडांवर आणि गुरांवर खुणा करायची रंगाची पिस्तुलं. जंगलात ठेवलेले झेंडे गोळा करायचे होते, आणि जो जिंकला त्याने एकही गोळी न झाडता ते सगळे गोळा केले. तो फॉरेस्टर, म्हणजे जंगलातच काम करणारा माणूस होता. तुम्हाला तेवढं जमणार नाही, पण गोळ्या जपून वापरा.

पावसाळ्यात जात असाल तर गोळ्या ओल्या हातांनी हाताळू नका, खिशात तर नकोच. जिलेटिन ओल धरतं, गोळी फुगते, नळीतच फुटते आणि मग नेम कुठल्या कुठे. जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, हेही कट्टर शाकाहारी मित्रांना आधी सांगून ठेवा. मास्कवर फुटलेल्या गोळीचा शिंतोडा जाळीतून ओठांवर येतो, तेव्हा ही माहिती देण्यात मजा नाही.

पोचल्यावर फोन आणि किल्ल्या गाडीत. सूचना देतात तेव्हा गप्पा मारू नका. किती अंतराच्या आत गोळी मारायची नाही, बाद झाल्यावर बाहेर कुठून जायचं, हे प्रत्येक मैदानावर वेगळं असतं. बाद झालात की बंदूक डोक्यावर धरून चालायला लागा. वाद घालत उभे राहिलात तर आणखी चार बसतील. मैदानाबाहेर नळीवर टोपण. आणि आत शिरण्याआधी एकमेकांच्या हनुवटीखाली बघा. कातडी दिसतेय? बांधा. ज्याने स्कार्फ आणला नाही त्याला तुमचा जादाचा द्या. म्हणजे जादाचा न्या. दोन न्या.

संपल्यावर: वळांवर बर्फ, रंग साध्या पाण्याने जातो, कपडे त्याच दिवशी भिजवा. गाडीच्या सीटवर जुनी चादर. जेवायचं कुठे ते तुमचं तुम्ही बघा.