संगमरवरावरचा पांढुरका चट्टा: या चुका टाळा

चवथ आठ दिवसांवर आली की फोंड्यातल्या आमच्या घरात समया, निरांजनं, तांब्याचे गडू घासायला निघतात. गेल्या वर्षी मागीलदारी जायचा कंटाळा केला आणि देवघराच्या संगमरवरी ओट्यावरच चिंचेचा कोळ घेऊन बसलो. पितळ झळकलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर समईच्या बुडाएवढं निस्तेज कडं! बोट फिरवलं तर किंचित खरखरीत.

डाग समजून त्यावर लिंबू चोळलं. कडं आणखी रुंदावलं.

तो डाग नव्हताच. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की त्याचा वरचा थर विरघळतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पॉलिश जातं. डाग पडतो तेव्हा दगडात काहीतरी मुरलेलं असतं. इथे दगडच झिजलेला. ओळखायला टॉर्च आडवा धरून बघा: रंग तोच आणि फक्त चमक गेली असेल, तर काम आम्लाचं. सोलकढी सांडली तर दोन्ही होतं, आमसुलाचं आम्ल चमक खातं आणि रंग मुरतो. सांडल्याबरोबर टिपा (पुसून पसरवू नका) आणि साध्या पाण्याने धुवा.

‘सीलर मारलाय, काही होत नाही’ हा गैरसमज. सीलर म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा लेप; तो डाग मुरणं लांबवतो, आम्लाला अडवत नाही. काळा कडप्पा आणि कोटाही चुनखडीचेच, त्यामुळे त्यांचीही गत तीच. ग्रॅनाइटला मात्र लिंबू-चिंचेचं भय नाही.

सगळ्यात महागात पडते ती फरशी बसवल्यावरची चूक. सिमेंटचे ओघळ काढायला ‘ॲसिड मारून देतो’ म्हणणारा कामगार भेटतोच. फेस येतो तेव्हा घाण निघतेय असं वाटतं, पण फसफसतो तो दगडसुद्धा. संडास धुण्याच्या क्लीनरमध्येही बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं. त्यात ब्लीच तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रोजच्या पुसण्याला पाण्यात थोडा सौम्य लिक्विड साबण पुरे. हलका चट्टा टिन ऑक्साइडच्या पॉलिश पावडरीने, ओल्या फेल्टने (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाने) घोटून जातो. नखाला खड्डा लागत असेल तर पॉलिशवाल्याला बोलवा, मशीनशिवाय इलाज नाही. आमचं कडं पावडरीने बरंच गेलं. लिंबाने वाढवलेली कड सकाळच्या तिरप्या उन्हात अजून दिसते.